स्कोप काठावर बसणाऱ्याच्या उंचीचा घ्या

पत्र थोडक्यात असं :

"सप्रेम नमस्कार. वय ६२, बँकेतून निवृत्त, राहणार कोथरूड. गेली चार वर्षं मी आणि सौ. ८×४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी बघत हिंडतो. पाषाण तलाव, कवडीपाट, थंडीत दोन-तीनदा भिगवण. पाणपक्षी लांब बसतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. म्हणून आता स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्यानं बघायची दुर्बीण, घ्यायचं ठरवलंय. ट्रायपॉड धरून बजेट ४५ हजार. दोन गोष्टी हव्यातच. एक, वॉटरप्रूफ, भिगवणला होडीत पाणी उडतं आणि पावसाळ्यातही आम्ही घरी बसत नाही. दोन, ६०× झूम. भाचा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मागवू का? मला चष्मा आहे. सौ.ला गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे ती होडीत चढत नाही, काठावर थर्मास घेऊन बसून असते. – एक चष्मेवाला"

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. वहिनी काठावर बसतात. स्कोप त्यांच्यासाठी घ्या. म्हणजे पैसे तुम्ही भरा, खांद्यावरून वाहून तुम्हीच न्या, पण निवड करताना डोळ्यांसमोर त्या असू द्या. असं का म्हणते ते सांगते.

होडीत स्कोप चालत नाही. हे दुकानदार सांगणार नाही, कारण त्यानं भिगवण पाहिलेलं असेलच असं नाही. ३० पटीनं पक्षी मोठा दिसतो तसं होडीचं हलणंही ३० पटीनं मोठं दिसतं. नावाडी वल्ही थांबवून गप्प बसला तरी पाणी हलतच असतं, आणि होडीत तुमच्याशिवाय चार माणसं असतात, त्यातलं एक हमखास उभं राहतं. होडीत ट्रायपॉड मांडणारे हौशी मी पाहिलेत. दहा मिनिटांत स्कोप पिशवीत जातो आणि माणूस क्षितिजाकडे बघत खोल श्वास घेत बसतो. होडीत तुमची ८×४२ हीच योग्य वस्तू आहे, ती बदलू नका. स्कोप जमिनीवर उभा राहतो, तोही एका जागी, बराच वेळ. भिगवणला तशी जागा कोणाची आहे? वहिनींची.

शिवाय काठावरून बघण्यासारखं कमी नसतं. हिवाळा सरता सरता उजनी धरणाचं पाणी उतरू लागतं आणि किनाऱ्याला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. रोहित पक्ष्यांमागे सगळ्या होड्या जातात, पण खरी गंमत त्या चिखलात धावणाऱ्या बारक्या मंडळींत असते. चिमणीएवढा टिलवा घ्या. १२० मीटरवर असलेला टिलवा तुमच्या दुर्बिणीत १५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. म्हणजे काहीतरी तपकिरी, तुरुतुरु चालणारं. ३०× च्या स्कोपमध्ये तोच ४ मीटरवर येतो आणि पायांचा रंग दिसतो. पाय काळे, तर छोटा टिलवा. पिवळट-हिरवट, तर टेमिंकचा. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं एकदा स्कोपमधून बघितलं की दुर्बिणीतून इतकी वर्षं आपण काय बघत होतो असं वाटतं. मला तरी वाटलं होतं.

आता वॉटरप्रूफ. हट्ट बरोबर आहे, त्यामागचं कारण चुकीचं आहे.

माझा पहिला स्कोप वॉटरप्रूफ नव्हता. खोक्यावर वॉटर रेझिस्टंट असं लिहिलेलं होतं आणि मला तेव्हा दोन्ही एकच वाटत होतं. पावसात मी तो एकदाही भिजवला नाही. जुलैत एका सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी तासभर उभी होते, पाऊस नव्हता, नुसतं धुकं. घरी आले, स्कोप पुसला, पिशवीत घालून कपाटात ठेवला. गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीच्या सुमारास कवडीला जायचं म्हणून काढला, तर समोरचं सगळं दुधातून बघितल्यासारखं. भिंगं पुसली, फरक नाही. मग पुढच्या भिंगातून आत टॉर्च मारला. आतल्या प्रिझमवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते, कडेकडेनं फांद्या फुटलेले. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्यानं स्कोपच्या निम्म्या किमतीचा आकडा सांगितला, आणि विकणाऱ्यानं सांगितलं की बुरशी वॉरंटीत बसत नाही. तो स्कोप अजून माळ्यावर आहे. टाकून द्यायला जीव होत नाही.

तेव्हा पुण्यात वॉटरप्रूफ स्कोप हवा तो पावसासाठी कमी आणि कपाटासाठी जास्त. खऱ्या वॉटरप्रूफ स्कोपमध्ये प्रत्येक जोडाला रबरी ओ-रिंग असते, आणि आतली हवा काढून कोरडा नायट्रोजन, क्वचित आरगॉन, भरलेला असतो. नायट्रोजन बुरशीला मारत नाही. पण त्यात बाष्प नसतं, म्हणून बाहेर थंडी पडली तरी आतल्या बाजूनं भिंगावर दव धरत नाही, आणि ओलावाच नाही म्हटल्यावर बुरशीही धरत नाही. हेच सीलिंग धुळीलाही अडवतं. सासवडच्या माळावर मार्चमध्ये गेला असाल तर धूळ काय चीज आहे ते मी सांगायला नको.

खोक्यावर काय वाचायचं? वॉटरप्रूफ हा शब्द पुरेसा नाही. आयपीएक्स-७ असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे : १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवलं तरी आत पाणी जायला नको, अशी ती कसोटी आहे. आयपीएक्स-४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापुरतं. आकडा नसेल तर निदान 'नायट्रोजन भरलेला' आणि 'फॉगप्रूफ' हे दोन्ही शब्द असायला हवेत. नुसतं वॉटर रेझिस्टंट दिसलं तर खोकं परत ठेवा. ज्या स्कोपचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचा भिंगाचा भाग, काढता-घालता येतो, त्यात आणखी एक प्रश्न विचारायचा : आयपीस काढल्यावर नळी बंद राहते का? काहींमध्ये आत काचेचं झाकण असतं, काहींमध्ये नसतं. नसेल तर तो जोड उघड्यावर, दमट हवेत, कधीही उघडू नका.

आणि फॉगप्रूफ म्हणजे फक्त आतून. गाडीतल्या एसीतून थंडगार स्कोप काढून पावसाळी हवेत उभा केलात तर बाहेरच्या काचेवर वाफ धरणारच, हजारो रुपये जास्त दिलेत तरी. पिशवीतच ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेरची हवा लागू द्यायची. तोवर चहा.

६०× बद्दल मी तुमचं मन वळवणार आहे.

दुकानात गेलात की एक करा. स्कोप ६०× वर न्या, आयपीस डोळ्यापासून हातभर लांब धरा आणि त्याच्याकडे बघा. मध्यभागी प्रकाशाचा एक गोल ठिपका दिसेल. स्कोपमधून डोळ्यात जो काही उजेड येतो तो एवढ्याच ठिपक्यातून. त्याचा व्यास काढायला गणित सोपं : पुढच्या भिंगाचे मिलिमीटर भागिले झूम. ८० मिमीचा स्कोप २०× वर असेल तर ४ मिलिमीटर, म्हणजे कच्चा साबुदाणा. तोच ६०× वर नेला की १.३, म्हणजे मोहरी. मोहरीतून बघायचं म्हणजे उजेड कमी, डोळा केसभर हलला की चित्र गायब, आणि आपल्या वयात डोळ्यात जे तरंगणारे धागे-ठिपके असतात ते नेमके अशा वेळी बगळ्यांच्या जोडीनं दिसायला लागतात. पक्ष्यांची यादी करताना त्यांचीही नोंद करावी लागेल.

दुसरी अडचण हवेची. भिगवणला सकाळी साडेनऊ-दहानंतर चिखल तापतो, त्याच्यावरची हवा तापते, गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळायला लागतात, आणि त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तोच हा प्रकार. २५× ला पक्षी जरा थरथरतो, ६०× ला तो उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो. भिंग कितीही महाग असो, हवेपुढे त्याचं चालत नाही. मी स्वतः दहातल्या नऊ वेळा २० ते ३५ च्या मध्येच असते. ६०× वर नेते ते कोवळ्या उन्हात पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी अडकवलेलं एखादं कडं वाचता येतं का बघायला, आणि बहुतेक वेळा येत नाही.

म्हणून माझं मत : २०-६०×८० च्या मागे न लागता १६-४८×६५ च्या वर्गातला चांगला स्कोप घ्या. त्याच पैशात काच बरी मिळते, वजन कमी, आणि १६× ला चित्राचा आवाका मोठा असल्यानं पक्षी पटकन सापडतो. ८० मिमीचा मुख्य फायदा म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला उजेड जास्त. तुम्ही कोथरूडहून निघून भिगवणला उजाडायच्या आत पोचत असाल तर त्याचा विचार करा. शंभर किलोमीटर आहे. मी तरी पोचत नाही.

काचेबद्दल एवढंच लक्षात ठेवा की ईडी काच असलेला स्कोप बजेटमध्ये बसत असेल तर घ्यावा. साध्या काचेत वेगवेगळे रंग नेमके एका बिंदूवर येत नाहीत, त्यामुळे उजळ आकाशासमोरच्या काळ्या पक्ष्याला जांभळी-हिरवी किनार येते. ईडी काच ती किनार बरीच कमी करते. पण ईडी ही दोन अक्षरं आजकाल स्वस्तातल्या खोक्यांवरही असतात. छापलेल्या अक्षरांपेक्षा तारेवर विश्वास ठेवा. तारेचं पुढे सांगते.

सरळ की वाकडा? वाकडा म्हणजे ज्याचा आयपीस ४५ अंशात वर वळलेला असतो तो. तुमच्यासाठी वाकडाच. सरळ स्कोपमध्ये पक्षी लवकर सापडतो, गाडीच्या खिडकीतूनही तो बरा पडतो, हे खरं. पण सरळ स्कोप डोळ्याच्या उंचीवर लागतो. तुम्ही उंच असाल आणि वहिनी नसतील, तर दर दोन मिनिटांनी ट्रायपॉड वर-खाली करत बसाल. वाकडा स्कोप बुटक्या माणसाच्या उंचीला लावायचा. उंच माणूस नुसता वाकून बघतो.

आणि बसून बघायला वाकड्यासारखा स्कोप नाही. वहिनींना घडीचं स्टूल द्या, पाठ टेकायला असेल तर उत्तम. स्कोप त्यांच्या समोर, आयपीस हनुवटीच्या जरा खाली. मान किंचित झुकवली की डोळा आयपीसवर. तासन् तास बसता येतं, गुडघ्यांवर भार नाही. यात तुमचाही एक फायदा आहे, पैशांचा. उभ्या माणसासाठी ट्रायपॉड पाच फुटांपर्यंत उघडावा लागतो, आणि उघडलेला स्वस्त ट्रायपॉड वाऱ्यावर वेताच्या छडीसारखा थरथरतो. बसलेल्या माणसासाठी तो जेमतेम तीन-साडेतीन फूट पुरतो. तेवढ्यात पायांचे फक्त वरचे जाड भाग उघडायचे, मधला दांडा खालीच ठेवायचा. मग मध्यम किमतीचा ट्रायपॉडही खांबासारखा उभा राहतो.

तरी ट्रायपॉडवर हात आखडू नका. ४५ पैकी दहा-बारा हजार त्याचे बाजूला काढा आणि उरलेल्यात स्कोप बसवा, उलट नको. लोक सगळे पैसे स्कोपमध्ये घालतात आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्या चुलतभावाकडचा जुना ट्रायपॉड आणतात. मग स्कोपला नावं ठेवतात. ट्रायपॉडचं डोकं व्हिडिओवाल्यांचं घ्या, एका दांडीचं, फ्लुइड हेड म्हणतात ते. फोटोवाल्यांचं बॉल हेड नको. त्याचा स्क्रू सैल केला की स्कोप मान टाकतो, आणि पुढचं भिंग जाऊन आदळतं ट्रायपॉडच्याच पायावर. फ्लुइड हेडवर उडणाऱ्या चक्रवाकाच्या जोडीमागे एका बोटानं स्कोप फिरवता येतो.

आता तुमचा चष्मा. आय रिलीफ म्हणून एक आकडा दिलेला असतो, मिलिमीटरमध्ये. आयपीसपासून किती अंतरावर डोळा ठेवला तरी पूर्ण चित्र दिसेल, ते हे अंतर. चष्मा असणाऱ्याला १५-१६ च्या खाली जमत नाही. खोक्यावर '१९-१६' असे दोन आकडे असतील तर ते झूमच्या दोन टोकांचे. लहान आकडा बघायचा. तरी शेवटी स्वतःचा चष्मा लावून, आयपीसची रबरी वाटी खाली फिरवून बघणं हाच उपाय. चित्राभोवतीचं काळं कडं सगळीकडून दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर तुम्ही किल्लीच्या भोकातून बघताय. चष्मा काढून बघितलं तर? जवळचा-लांबचा नंबर फोकस फिरवून भरून निघतो, सिलिंडरचा नंबर निघत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खालच्या, वाचायच्या भागातून बघितलं जात नाही ना तेवढं सांभाळा. हनुवटी जराशी खाली घेतली की होतं.

नावं विचाराल म्हणून सांगते. सेलेस्ट्रॉनचा ट्रेलसीकर ६५ आणि व्होर्टेक्सचा डायमंडबॅक एचडी १६-४८×६५, हे दोन्ही वाकड्या रूपात मिळतात, दोन्ही वॉटरप्रूफ, आणि मधल्या वर्गात लोकांनी चांगले वापरून घेतलेले आहेत. बजेट थोडं ताणता आलं तर सेलेस्ट्रॉनचाच रीगल एम-२ ६५ ईडी. त्याला फोकसची दोन चाकं असतात, एक भराभर जाणारं, एक सावकाश, आणि सावकाश चाकाची किंमत टिलवा बघताना कळते. वजन हा तुमचा मोठा प्रश्न असेल तर कोवाचा टीएसएन-५०१ : २०-४०×५०, साधारण ४०० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या भरल्या बाटलीपेक्षाही हलका. भिंग ५० मिमीचं आहे, तेव्हा सांजेला तो लवकर हात टेकतो. पण चार जिने उतरून रोज पाषाणला नेला जाणारा स्कोप हा. मोठा स्कोप 'आज नको' म्हणून घरीच राहतो. किमती महिन्या-महिन्याला हलतात, म्हणून आकडे लिहीत नाही. तुमच्या चष्म्यासाठी या सगळ्यांचा आय रिलीफ प्रत्यक्षच तपासा.

भाच्याकडून मागवू नका. थोडे पैसे वाचले तर वाचतील, पण स्कोप ही एकेक नग बघून घ्यायची वस्तू आहे. मधल्या किमतीत एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात. एक लखलखीत, दुसरा जरा मवाळ. भाचा आणेल तो खोक्यात बंद असलेला नग, आणि तो मवाळ निघाला तर तुम्ही तो परत कोणाकडे देणार? आयुष्यभराच्या वॉरंट्या ऐकायला छान असतात, पण तिकडे घेतलेल्या वस्तूची इकडे दखल कोण घेतं, ते लेखी विचारल्याशिवाय धरून चालू नका. त्यातून कस्टमचं पाहावं लागेल ते वेगळंच. भाच्याला काही मागायचंच असेल तर फोन अडकवायचा अॅडॅप्टर मागा, तुमच्या फोनचं आणि स्कोपच्या आयपीसचं माप कळवून. तो बिघडला तरी हळहळ नाही.

दुकानात काय बघायचं ते नीट सांगते, कारण पैसे तिथे ठरतात.

काचेच्या आतून बाहेर बघू नका. दुकानाची काच पातळ दिसते, पण ३०× ला तिच्यातून सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. पायरीवर या, ट्रायपॉड मागा. (ट्रायपॉड देत नसतील तर दुसरं दुकान.) लांबच्या इमारतीवरची एखादी पाटी निवडा, आपल्या गावात पाट्यांना तोटा नाही, आणि बारीक अक्षरांच्या तर नाहीच नाही. फोकस सावकाश फिरवा. चांगल्या नगात अक्षर एका क्षणी टच्चकन जागेवर येतं, आणि चाक पुढे ढकललं की लगेच बिघडतं. मवाळ नगात ते 'बहुधा इथेच' असं येतं. तुम्ही पुढे-मागे करत राहता आणि ठरत नाही.

मग आकाशासमोरची विजेची तार धरा, सर्वात मोठ्या झूमवर. मध्यभागी तारेला रंगीत किनार दिसायला नको, कडेला थोडी चालेल. शेवटी उन्हात चमकणारा एखादा बारीक ठिपका शोधा, विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या टोपीवर असतो तसा. फोकस किंचित अलीकडे घ्या, ठिपक्याची चकती होईल. तेवढाच पलीकडे घ्या, पुन्हा चकती होईल. दोन्ही चकत्या गोल आणि बऱ्यापैकी सारख्या दिसल्या तर भिंगं सरळ बसलेली आहेत. एकीकडे चकती आणि दुसरीकडे चिंचोका, तर दुसरा नग मागा. आणि जो तपासलात तोच घरी न्या. "साहेब, सीलबंद देतो" म्हणाले तरी तोच.

हे सगळं वहिनींना बरोबर नेऊन करा. आयपीसवर डोळा त्यांनी ठेवायचा. चाक हाताला जड लागतं का, पापण्या वाटीला लागतात का, हे तुम्हाला कळणार नाही.

घरी आल्यावर ठेवायचं कसं? वॉटरप्रूफ असला तरी बाहेरच्या भिंगांवर बुरशी धरू शकते, आणि बोटांचे ठसे तिला आवडतात. एक मोठा हवाबंद डबा घ्या, लाडूंचा असतो तसा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळं जेल ओलावा पिऊन गुलाबी होतं, नारिंगी हिरवं होतं. रंग बदलला की तापवून परत कोरडं करायचं, पण निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, तेव्हा ते स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नाही. नारिंगीच आणा आणि त्यासाठी जुनं पातेलं वेगळं काढा. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवायचा नाही. ती पिशवीच आषाढात ओल धरते. भिंगावरची धूळ आधी हवा मारायच्या रबरी फुग्यानं उडवा, मग मऊ कापड. सदऱ्याच्या टोकानं पुसलंत तर धुळीचे कणच भिंगाच्या लेपावर रेघोट्या मारतात. आणि कवडीहून आल्यावर ट्रायपॉडचे पाय धुवा. तिथल्या घाण पाण्यावरचा फेस तुम्ही पाहिलाय.

वाकड्या स्कोपचा एक दुर्गुण राहिला. आयपीस वर तोंड करून असतो, त्यामुळे पावसाचा थेंब नेमका त्याच्यावर पडतो, आणि थंडीत बघणाऱ्याचा श्वासही. मानेवर एक नॅपकिन असू द्या. दुसरी अडचण, वाकड्यातून पक्षी सुरुवातीला सापडत नाही. पक्षी समोर असतो आणि आपण जमिनीकडे बघत असतो. पुढच्या भिंगावर ऊन पडू न देणारी टोपी असते, तिच्यावर, अगदी वरच्या बाजूला, प्लॅस्टिकची केबल टाय आवळा, तिचं टोक बोटाच्या पेराएवढं उभं ठेवा. बंदुकीच्या माशीसारखं ते टोक पक्ष्यावर धरायचं, झूम १६ वर. पाच-सहा दिवसांत हात बसतो.

पुढच्या खेपेला भिगवणला गेलात की तुम्ही होडीत जाण्याआधी स्कोप वहिनींसमोर मांडून द्या, कुरवांचा (इंग्रजीत गल) थवा बसलेल्या बांधाच्या दिशेनं. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचे असतात, कानामागे एक काळा ठिपका, आणि होडीतून दोघे अगदी सारखे दिसतात. डोळ्यात बघायचं : पूर्ण वाढलेल्या तपकिरीचा डोळा फिका, काळ्याचा गडद. तुम्ही परत आलात की वहिनी आकडा सांगतील, कुठले किती ते. वारा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याच्या हुकला तुमची जड पिशवी अडकवा, पण ती जमिनीला जेमतेम टेकेल अशी. थर्मास अडकवू नका. तो झुलतो, आणि त्याच्याबरोबर सगळे कुरवही.